बिमलनं शिट्टी दिली होती

मी निमलष्करी दलात वीस वर्षं नोकरी केली. हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता माजरीला कोळसा खाणीच्या वसाहतीत गेटवर सिक्युरिटीचं काम करतो. नोकरीतल्या गोष्टी सांगायची मला सवय नाही. घरीही कधी सांगितल्या नाहीत. ड्युटीवरची पोरं विचारतात, नक्षलवादी पाह्यले का, गोळी चालवली का. मी म्हणतो, चालवली. पुढं ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

आज लिहितो आहे त्याला कारण आहे. आमच्या दलाच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नव्या पोरापोरींना एक धडा शिकवतात. एक जवान ओळखीची खूण न देता आपल्याच पोस्टवर चालत आला आणि आपल्याच माणसाच्या गोळीनं मेला, म्हणून खूण द्यायला विसरू नका, असा तो धडा. हा धडा खोटा आहे. त्या जवानाचं नाव बिमल. गोळी माझी होती. खूण त्यानं दिली होती.

माझं गाव मूल तालुक्यातलं. नोकरीची बरीच वर्षं आसाम आणि झारखंडात गेली. मग गडचिरोलीची पोस्टिंग आली तेव्हा आई खूश झाली. "बरं झालं, आता घरी येत जाशीन," म्हणाली. घर जवळ आलं, सुट्टी आली नाही. आमच्या कंपनीचा कॅम्प भामरागडच्या डोंगराळ भागात होता. पत्र्याच्या बराकी, वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, दोन पदरी काटेरी तार. तारेपलीकडं बांबू, ऐन, मोह, आणि डोंगरावरून उतरणारे नाले. हे नाले उन्हाळ्यात कोरडे पडतात, पण त्यांच्या काठाची झाडी दाट राहते आणि आत दिवसाही सावली असते.

आमचं मुख्य काम रस्ता उघडायचं. म्हणजे रेशनच्या किंवा बांधकामाच्या गाड्या जायच्या आधी पायी जाऊन रस्ता तपासायचा, पुलाखाली, मोरीखाली बघायचं, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगलात पोस्ट लावून गाड्या परत येईपर्यंत बसून राहायचं. पहाटे निघायचं, अंधार पडायच्या आत परतायचं. यात शौर्य काही नाही. मुंग्या, ऊन आणि बाटलीतलं कोमट पाणी.

नायक बिमल माझ्या सेक्शनमध्ये होता. तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला. आजोबांच्या वेळी ते लोक निर्वासित म्हणून आले, जंगल साफ करून धान लावला, तलाव खोदून मासे सोडले. बिमल जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकलेला, घरी बंगाली बोलायचा आणि शिव्या हिंदीत द्यायचा. मला तो मारोतीदा म्हणायचा. जेवणावरून रोज माझी खेचायचा.

"मारोतीदा, तुमी लोक तलावाच्या काठी राहता अन् वांगं खाता. देव तुमाले माफ नाई करनार."

आमचा सेटवाला, म्हणजे वायरलेस ऑपरेटर, रशीद. चंद्रपूरचा. वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. तो म्हणायचा, "बिमल, तुले मासा दिला तं तू त्याच्याशी पन बोलशीन." कारण बिमल सगळ्यांशी बोलायचा आणि बोलत नसला की शिट्टी वाजवायचा. भांडी घासताना, बूट पुसताना, कपडे वाळत घालताना.

कंपनी कमांडर साहेब बाहेरच्या राज्यातले होते. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता फार वर आहेत. मला त्यांची बदनामी करायची नाही, मला धडा बदलून हवा आहे. शिकलेला, चटपटीत माणूस. पक्ष्यांचा शौक. कॅम्पमध्ये फिरतानाही गळ्यात दुर्बीण असायची आणि बऱ्याचदा ती शत्रूकडं नसायची.

जंगलात आपलीच दोन माणसं एकमेकांकडं येतात तेव्हा ओळखीची खूण लागते. आधी आमची खूण रायफलच्या दस्त्यावर टिचकी मारायची होती. साहेबांना ती आवडेना. हिवाळ्यात त्यांनी नवी खूण ठरवली: एका पक्ष्याची शिट्टी. शत्रूनं ऐकली तरी त्याला पक्षीच वाटला पाहिजे, असं ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या माणसाला काय वाटेल, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पक्षी चिमणीपेक्षाही लहान. पाठ निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. पुस्तकात त्याला निळा माशीमार म्हणतात. आमच्याकडं त्याला कोणी खास नाव दिलेलं मी ऐकलं नाही. सावलीच्या नाल्यात, वेळूच्या बेटात राहतो. खालच्याच एखाद्या फांदीवर बसतो, उडून माशी किंवा चिलट पकडतो आणि परत त्याच फांदीवर येतो. मी पोस्टवर बसून तासन्‌तास पाह्यलेला आहे. शिट्टी पाच-सहा सुरांची, बारीक, धातूची तार छेडल्यासारखी. आधी खाली उतरते, मग वर चढते. इतर पाखरं गप्प झाली तरी हा तिन्हीसांजेपर्यंत गातो.

नियम असा होता. येणाऱ्यानं एकदा शिट्टी द्यायची. पोस्टनं उत्तर द्यायचं. मग येणाऱ्यानं उघड्यावर यायचं. उत्तर नाही आलं तर थांबून दुसऱ्यांदा द्यायची. तरी नाही आलं, तर पोस्ट उठून गेली असं समजून सावकाश पुढं सरकायचं. हा नियम नीट लक्षात ठेवा. बिमल त्यातल्या एका अक्षरालाही चुकला नाही.

शिट्टी कंपनीला बिमलनंच शिकवली. आठवडाभर रोज संध्याकाळी पीटीच्या मैदानावर शंभरेक मोठे बाप्ये ओठ काढून उभे. कोणाची शिट्टी फाटायची, कोणाची नुसती हवा. माझी सगळ्यात वाईट. रशीद म्हणाला, "मारोतीभाऊ, तुमची शिट्टी ऐकून पक्षी नाई येनार. कुकर उतरवायले बाई येईन." बिमलची मात्र अशी की साहेबांनी दुर्बीण उचलून झाडाकडं पाह्यलं. मग हसले आणि म्हणाले, "परफेक्ट."

तो परफेक्ट होता, तेच त्याला नडलं. माझ्यासारख्याची शिट्टी जंगलात कोणीही ऐकली असती तरी म्हणाला असता, हा माणूस आहे.

होळीनंतर पक्षी गाऊ लागला. हिवाळ्यात तो जवळजवळ गप्प असायचा. आता नाल्याच्या प्रत्येक वळणावर एकेक नर, आणि प्रत्येकाची आपली हद्द. आम्ही खूण दिली की त्याला वाटायचं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो तावातावानं उत्तर द्यायचा. पोरांनी त्याचं नाव चौथा सेक्शन ठेवलं. प्लाटूनमध्ये सेक्शन तीन असतात. पोस्टवरून परतल्यावर कोणी तरी म्हणायचंच, "चौथा सेक्शन हजर है, सर."

साहेबांना तर आनंद झाला. "ब्रीडिंग सीझन है," ते म्हणाले. "अब बारिश तक गाएगा. सुनो, मजे करो." मी हे वाक्य कधी विसरलो नाही. हा पक्षी उन्हाळाभर गातो हे आमच्यातल्या कोणालाच आधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला एकच माणूस कंपनीत होता, आणि खूण ठरवणाराही तोच होता.

एप्रिलच्या दरबारात, म्हणजे जवान जिथं थेट साहेबांपुढं अडचण मांडू शकतो त्या सभेत, बिमल उभा राह्यला.

"सर, रिक्वेस्ट है. सिग्नल बदलना चाहिए. पक्षी जवाब देता है."

"सिग्नल सेक्टर हेडक्वार्टर से मंजूर है, बिमल. बदलने को फिर मंजूरी लगेगी. भेज देंगे."

"सर, तब तक पुराना चला लें?"

"बैठो."

बिमल बसला. मंजुरी आली नाही. मागितली होती की नाही, हेही मला आज ठाऊक नाही.

मे महिन्यातली गोष्ट. पुढच्या ठाण्यावर सिमेंट आणि रेशन घेऊन गाड्या जायच्या होत्या. माझी पोस्ट नाल्याच्या वळणावर लागली. मी पोस्ट कमांडर, सोबत रशीद आणि दोन जवान. बिमल त्या दिवशी खाली रस्त्यावर साहेबांच्या पार्टीत होता.

ऊन चढायच्या आधीच पक्षी सुरू झाला. आमच्यातल्या एकाला वाटलं बाजूच्या पोस्टचा माणूस येतो आहे. त्यानं उत्तर दिलं. पक्ष्यानं उलट उत्तर दिलं. ते ऐकून बाजूच्या पोस्टनं शिट्टी दिली. तासभर हा तमाशा चालला. मग सेट खरखरला. खालून साहेब बोलत होते.

"टायगर टू, टायगर वन. ये क्या मेला लगा रखा है? ओव्हर."

"टायगर वन, पक्षी है, सर. ओव्हर," रशीद म्हणाला.

"पक्षी को जवाब देना बंद. अब से किसी सीटी का जवाब नहीं. ओव्हर."

"रॉजर, सर. ओव्हर."

"आउट."

आम्ही गप्प झालो. पक्षी गातच होता. दुपार गेली. चारच्या सुमारास सेट पुन्हा बोलला.

"टायगर टू, खबर है. तुम्हारे नाले में मूव्हमेंट. बिना सिग्नल कोई आगे आए, फायर. ओव्हर."

रशीदनं रॉजर दिलं, सेट खाली ठेवला आणि माझ्याकडं पाह्यलं.

"मारोतीभाऊ, शिट्टी आली तं जवाब द्यायचा नाई. शिट्टी नाई आली तं गोळी घालायची. अन् शिट्टी तं सकाळपासून वाजूनच राह्यली. मंग आपला मानूस कोनता, हे समजनार कसं?"

हा प्रश्न बरोबर होता. पोस्ट कमांडर म्हणून मी सेट हातात घ्यायचा होता, बटण दाबायचं होतं आणि हेच साहेबांना विचारायचं होतं. साहेबांनी सकाळी एकदा झापलं होतं. पुन्हा कोण तोंड देणार?

"तू सेट सांभाळ," मी म्हणालो.

पुढं अर्ध्या तासात सेटची बॅटरी बसली. जास्तीची बॅटरी नव्हती, ती आधीच बदलली होती.

गाड्या परत गेल्या. रस्त्यावरच्या पार्टीला निघायची घाई. आमच्या पोस्टला सेटवर बोलावता येईना, म्हणून साहेबांनी बिमलला आम्हाला आणायला पाठवलं. एकट्याला. जंगलात जोडीशिवाय कोणाला हलवायचं नाही, हा नियम रिक्रूटलाही पाठ असतो. शिट्टीला उत्तर द्यायची मनाई आपण केली आहे, हे साहेबांनी त्याला सांगितलं नाही. खुणेशिवाय येणाऱ्यावर फायर करायला सांगितलं आहे, हेही नाही. त्याला एवढंच सांगितलं: "जल्दी."

सूर्य डोंगरामागं गेला होता. नाल्यात उजेड संपत आला होता. पक्षी थोडा वेळ गप्प होता. मग शिट्टी आली. स्वच्छ, खाली उतरून वर चढलेली. माझ्या डावीकडच्या जवानानं हळूच म्हटलं, "चौथा सेक्शन." आम्ही उत्तर दिलं नाही.

पुन्हा आली. तशीच. थोडी जवळून. पक्षीही फांदी बदलतो. आम्ही उत्तर दिलं नाही.

मग बांबूत हालचाल झाली. वाकलेला आकार, हातात हत्यार. मी दोन गोळ्या झाडल्या.

आवाज विरला आणि पलीकडून हाक आली, "मारोतीदा."

मी धावलो. रशीद माझ्यामागं. गोळी पोटाखाली लागली होती. रशीदनं फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं, ते लगेच भिजलं. बिमल शुद्धीत होता. चिडलेला होता. मरणारा माणूस घाबरलेला असतो असं मला वाटायचं. तो चिडलेला होता.

"शिट्टी दिली ना मी. दोनदा."

"हो."

"ऐकली नाई का?"

"ऐकली," मी म्हणालो.

"मग?"

 आम्ही दोघांच्या शर्टांचं आणि दोन बांबूंचं स्ट्रेचर करून त्याला उचललं. रस्त्यापर्यंत पोचायच्या आधीच तो गेला. मागं नाल्यात पक्षी परत गायला लागला. त्याला मी दोष देत नाही. तो आपलं काम करत होता.

आता पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फॉल-इनमध्ये नवी खूण जाहीर झाली. दस्त्यावर दोन टिचक्या, पहिलीसारखी. बिमलनं मागितली होती तीच. ज्या मंजुरीसाठी त्याला महिनाभर बसवलं, ती एका रात्रीत कुठून आली? कोणी विचारलं नाही. आमच्या ओळीत बिमलची जागा रिकामी होती, आणि आम्ही सावधानमध्ये उभे राहून नवी खूण ऐकली.

चौकशी बसायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी साहेबानं खुर्ची दिली होती.

"तुमने रूल के हिसाब से फायर किया. सीटी नहीं सुनी. बस इतना बोलना है."

"सर, सुनी थी."

"सुनी थी और फायर किया? फिर तो मर्डर है, मारोती. घर में बच्ची है ना?"

मी खुर्चीच्या कडेला सरकलो.

"और सेट पर मैंने कोई ऑर्डर नहीं दिया. बैटरी सुबह से डाउन थी. रशीद को भी समझा देना."

मी रशीदला समजावलं. साहेबांनी सांगितलं म्हणून नाही, मला वाचायचं होतं म्हणून. तो माझ्या अंगावर थुंकायचा बाकी होता. पण त्यालाही आईबाप होते, लहान भाऊ होते. चौकशीत मी उभा राह्यलो आणि म्हणालो, "शिट्टी ऐकू आली नाही." रशीद म्हणाला, "मी सेट दुरुस्त करत होतो, लक्ष नव्हतं." निष्कर्ष निघाला: नायक बिमल यांनी ओळखीची खूण दिली नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळं अपघाती मृत्यू.

बटालियनच्या मुख्यालयात स्मृतिस्तंभ आहे. त्यावर बिमलचं नाव नाही. दर वर्षी तिथं नावं वाचतात, बिगुल वाजतो, सलामी होते. मीही दोन-तीनदा त्या सलामीत उभा राह्यलो आहे. ज्यानं सगळं नियमाप्रमाणं केलं तो त्या दगडावर नाही. ज्यांनी नियम मोडले ते सलामी घेतात. आणि ज्यानं खोटं सांगितलं, तो पेन्शन घेतो. तो मी.

बारा वर्षं हे असंच राह्यलं, पुढंही राह्यलं असतं. मागच्या वर्षी माझी मुलगी पल्लवी दलात भरती झाली. मला तिचा अभिमान आहे. ट्रेनिंगमधून पहिल्या सुट्टीवर आली, तिच्या आईनं झुणका-भाकर केली होती. आम्ही तिघं जेवत होतो. ती रंगात येऊन सांगत होती.

"बाबा, आमाले एक किस्सा शिकवला. तुमच्याच बटालियनचा म्हनते. एक जवान शिट्टी न देताच पोस्टवर गेला, अन् मेला. उस्ताद म्हने, अशा बावळटावर सरकारी गोळी वाया गेली. सारा क्लास हासला."

"तू पन हासली?"

"सारेच हासले नं, बाबा."

"त्यानं शिट्टी दिली होती."

"तुमाले कसं ठाऊक?"

"मी ऐकली. गोळी माझीच होती."

तिची आई पेल्यात पाणी ओतत होती, तशीच थांबली. पल्लवी ताटावरून उठली. बाकीची सुट्टी ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बसमध्ये बसवायला गेलो तेव्हा खिडकीतून म्हणाली, "मंग हे मले काऊन सांगून राह्यले? ज्याईले सांगाचं त्याईले सांगा नं."

बस गेली. मी स्टँडवर उभा होतो. पोरगी मला साहेबांपेक्षा कडक बोलली होती, आणि बरोबर बोलली होती.

पुढच्या रविवारी चंद्रपूरला गेलो. रशीदनं नोकरी लवकर सोडली. जटपुरा गेटच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बापाच्या घड्याळाच्या दुकानातच. मला पाहून त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं.

"आले काय?" तो म्हणाला. "मी वाट पाहून राह्यलो होतो."

"तूच काऊन नाही बोललास?"

"म्यां एकट्यानं म्हनलं असतं तं ते म्हनले असते, सेटवाला होता, त्याले काय ऐकू येते. गोळी मारनारा बोलला पाह्यजे, मारोतीभाऊ. अन् बोलायचं असन तं आधी त्याच्या घरी बोलू. ऑफिसले मंग."

त्यानं दुकानाचं शटर ओढलं. आम्ही त्याच्या गाडीवर मुलचेऱ्याकडं निघालो.

बिमलचं घर तलावाच्या काठावर आहे. शेणानं सारवलेलं अंगण, तुळस, भिंतीला टेकवलेलं मासे धरायचं जाळं. आई गेली. वडील निताईबाबू एकटे राहतात, शेजारी पुतण्या आहे. आम्ही बटालियनचे आहोत म्हटल्यावर त्यांनी खाट टाकली. पुतण्याला चहा सांगितला. बटालियनमधून कोणी येईल, असं त्यांना अजूनही वाटत होतं.

मी उभ्यानंच सांगितलं. रशीद म्हणाला होता, बसून सांगा. माझ्याच्यानं बसवलं नाही. सगळं सांगितलं, शिट्टी, मनाई, गोळी, चौकशी. त्यांचं मराठी बिमलसारखंच, निम्मं हिंदी. मध्ये एकदाही त्यांनी अडवलं नाही.

मग म्हणाले, "मैं तभी बोला था. साहब आये थे. मैं बोला, साहब, मेरा बेटा बिना सीटी के आंगन में नहीं आता. इथून, तलावापासून वाजवायचा. त्याची आई भात वाढायची. आदमी मरते वक्त आदत भूलता है क्या? साहब बोले, जंगल में डर लगता है बाबा, भूल जाते हैं." मग माझ्याकडं वळले. "गांव में लोग मेरे बेटे को बेवकूफ बोलते हैं. बारा साल. तुम्हाला बारा साल लागले?"

"हो," मी म्हणालो.

"कशी वाजवली त्यानं? आखरी वाली. दाखवा."

मी रशीदकडं पाह्यलं. तो जमिनीकडं पाहत होता. मी ओठ काढले. फाटका, हवेचा आवाज निघाला, मध्येच तुटला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "ऐसी नहीं थी उसकी."

"नाही," मी म्हणालो. "अशी असती तर तो जिवंत असता."

चहा आला तो त्यांनी पुतण्याला परत न्यायला सांगितला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, हे मला सांगितलं, आता त्यांना कधी सांगणार?

सांगितलं आहे. रशीदनं आणि मी, दोघांनी सही करून जबाब मुख्यालयाला पाठवला. त्यात साहेबांचं नाव आहे, माझंही आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ दे, असं त्यात लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. ट्रेनिंग सेंटरमध्ये धडा अजून तोच आहे. पल्लवी सांगते, पुढच्या बॅचबरोबर त्यांना बसवून पुन्हा तोच सांगितला. या वेळी ती उठून उभी राह्यली आणि म्हणाली, "उस्ताद, ये गलत है." तिला मैदानाला पाच चकरा मारायची शिक्षा झाली. तिनं मारल्या.

म्हणून इथं लिहितो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. शिकवणाऱ्यांनीही वाचावं.

नायक बिमल, राहणार मुलचेरा तालुका, यांनी मे महिन्याच्या त्या संध्याकाळी, नाल्याच्या वळणावर, नियमाप्रमाणं थांबून ओळखीची खूण दिली. उत्तर आलं नाही म्हणून नियमाप्रमाणं दुसऱ्यांदा दिली. दोन्ही वेळा ती बरोबर होती. माझ्या पोस्टवरच्या चारही जणांनी ती ऐकली.